दोन्ही वह्यांत असेल ते

पहिल्या दिवसाचे दोन तास दारावरून गेले.

साबणाच्या त्या बंद कारखान्यातल्या मोठ्या खोलीला दोन दारं होती. एक कार्यालयाकडून येणारं, पितळी मुठीचं. दुसरं मालाच्या हातगाड्या आत घेण्याचं, रुंद आणि खालून घासलेलं. पितळी मुठीच्या दारातून आधी कोण येणार यावरून दोन मित्रदेशांचे सेनापती बाहेर उन्हात ताटकळत राहिले, आणि हातगाडीच्या दारातून यायला दोघांपैकी कुणी तयार होईना. शेवटी सुताराला बोलावून ती मूठच काढून टाकली, म्हणजे दोन्ही दारं सारखीच भिकार झाली. मग दोघं एकाच वेळी दोन बाजूंनी आत आले. आम्ही दोघी टिपणीस, एक आमच्या बाजूची मी आणि एक त्यांची, भिंतीला लागून बसलो होतो. मी वहीत लिहिलं, "सभा बारा वाजता सुरू झाली." तिनंही तेच लिहिलं असणार. दाराचं कुणीच लिहिलं नाही.

शत्रू एक होता म्हणून आम्ही मित्र होतो. दुसरं कारण शोधून सापडलं नसतं. त्यांची बोली आमच्याहून वेगळी, पण कळायची, आणि कळायची म्हणूनच जास्त बोचायची. आमच्या सेनापतींना आमचेच लोक पाठीमागे 'घड्याळजी' म्हणत, कारण समोरचा बोलायला लागला की ते खिशातलं घड्याळ काढून टेबलावर उघडं ठेवत. त्यांच्या सेनापतींना आमच्याकडच्यांनी 'टाचवाले' असं नाव पाडलं होतं. उंचीनं बेताचे, म्हणून बुटांना जाड टाचा मारून घेतलेल्या. ते फरशीवरून चालू लागले की खलबत्त्यात काहीतरी कुटल्यासारखा आवाज यायचा.

ठरवायचं होतं ते दोनच गोष्टींचं. पुढच्या महिन्यात दोन्ही फौजा मिळून जो हल्ला करणार होत्या त्याचं नेतृत्व कुणाकडे, हे एक. आणि लोखंडी पुलाचं काय, हे दुसरं.

त्या पुलाबद्दल सांगायला हवं. नदीच्या पलीकडे आमच्या दोन पलटणी शत्रूला थोपवून बसल्या होत्या आणि त्यांना आता मागे घ्यायचं होतं. परतायला पूल एकच, आणि तो मित्रांच्या हद्दीत, त्यांच्या पलटणीच्या ताब्यात. आमचा शेवटचा माणूस अलीकडे येईपर्यंत त्यांनी पूल धरून ठेवला तर सगळे सुटणार होते. त्यांनी आधीच तो उडवून पाय काढता घेतला, तर सगळे पलीकडे अडकणार होते. त्या दोन पलटणींपैकी एकीत माझा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी सतराची. त्याला न्हाऊमाखू मी घातलं, पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं, आणि लढाईला निघाला तेव्हा त्याच्या कोटाचं तुटलेलं बटणही मीच लावून दिलं. सभेत पूल हा शब्द निघाला की माझी पेन्सिल कागदात रुतायची.

आमच्या कामाची रीत अशी होती. दोन्ही बाजूंची एकेक टिपणीस. दिवसभर सभेत जे बोललं जाईल ते दोघींनी आपापल्या वहीत उतरवायचं. संध्याकाळी मागच्या कोठीत बसून वह्या ताडून पाहायच्या. दोन्ही वह्यांत असेल ते झालं. एकाच वहीत असेल ते झालंच नाही. रबर वापरायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सह्यांच्या आधी, माझी वही तिनं आणि तिची वही मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, म्हणजे आपल्या साहेबाचं बोलणं कुणी साखरेत घोळवून सांगणार नाही. खोडलेलं तेवढं सोडून द्यायचं. आणि सभेत जे मोठ्यानं बोललं जाईल, मग ते कुणीही बोललेलं असो, ते लिहायचंच. ही रीत दोन्ही सरकारांनी मिळून ठरवली होती. एवढी एकच गोष्ट त्यांनी भांडल्याशिवाय ठरवली, कारण एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही यावर दोघांचं एकमत होतं.

पलीकडची, म्हणजे मित्रांच्या बाजूची, टिपणीस माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. जाड भिंगाचा चष्मा, समोर टोकं काढून ओळीनं मांडलेल्या पाच पेन्सिली. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "बाई, अक्षर जरा मोठं काढत जा. मला दिसत कमी, आणि तुमच्या साहेबांचं म्हणणं तर डोळे फाडून वाचलं तरी पटत नाही."

सकाळची प्रार्थना होऊन कामाला बसेपर्यंत मी मौन पाळते, आणि खरं तर त्यानंतरही ते फारसं मोडत नाही. तिनं ते लगेच हेरलं. तुमच्याकडे सगळ्याच बायका अशा मऊ मेणासारख्या असतात, की तुम्हाला मुद्दाम निवडून पाठवलंय, असं तिनं विचारलं. साबणाच्या वासानं तिला सारखी शिंक यायची आणि प्रत्येक शिंकेनंतर ती माझ्याकडे असं पाही, जणू कारखाना माझ्या बापाचा होता.

दुसरा दिवस नकाशावर कुणाची पेन्सिल चालणार यात गेला. आमची निळी, त्यांची लाल. नदी कुठल्या रंगानं रंगवायची यावरून टाचवाले अर्धा तास बोलले आणि तेवढा वेळ घड्याळजी घड्याळाच्या काट्याकडे बघत बसले. वही ताडताना आम्हा दोघींच्या वह्यांत त्या अर्ध्या तासाच्या मिळून चार ओळी निघाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठिणगी पडली. मागच्या हंगामात टेकडीवरच्या लढाईत त्यांच्या फौजेनं एका संध्याकाळी माघार घेतली होती. आमच्याकडे ती पळाली असं म्हणत, त्यांच्याकडे ती आवरती घेतली असं म्हणत. घड्याळजींनी नेमकं तेच उकरून काढलं. पूल तुमच्या भरवशावर ठेवायचा म्हणजे पुन्हा टेकडी व्हायची, ते म्हणाले, दुपारी झेंडा आणि संध्याकाळी धूळ. खोली एकदम गार पडली. भिंतीपाशी त्यांचे अधिकारी बसले होते, त्यांत पुलावरच्या पलटणीचा प्रमुखही होता, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, तीन दिवसांत एक शब्द न बोललेला. तो खाली मान घालून आपल्या टोपीची कड चाचपू लागला. टाचवाल्यांनी ते पाहिलं आणि ते उठले.

"ऐका आणि लिहून घ्या," ते म्हणाले. "तुमचा शेवटचा माणूस नदी ओलांडेपर्यंत माझी पलटण पूल सोडणार नाही. तो लंगडत आला तरी."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. मी शब्दन् शब्द उतरवला. शेजारी तिची पेन्सिलही चालली होती, नेहमीपेक्षा जोरात, कागद फाटेल अशी.

म्हातारा टोपी घालून तेव्हाच बाहेर पडला. नंतर चहाची वेळ झाली. कोठीच्या खिडकीतून मला अंगणातला मालाचा मोठा वजनकाटा दिसायचा. त्याच्या फळीवर आमचे आणि त्यांचे सेनापती उभे होते, दोघंच, बरोबर कुणी नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा ते एकमेकांकडे तोंड करून बोलत होते. मी मनात देवाचे आभार मानले. भांडून भांडून शेवटी माणसं बोलायला लागली, असं मला वाटलं.

चहानंतर टाचवाल्यांनी अगदी सहज सांगून टाकलं की एकत्र फौजेच्या नेतृत्वाबद्दल त्यांचा आता आग्रह राहिलेला नाही. ज्या गोष्टीवरून दोन दिवस दात-ओठ खाणं चाललं होतं ती चुटकीसरशी सुटली. मी लिहिलं, तिनंही लिहिलं. सभा उठली.

पाच वाजता आम्ही कोठीत बसलो. तीन बाजूंना साच्यांच्या पेट्या, मध्ये पाय लटपटणारं टेबल. ओळीला ओळ लावत आम्ही तीन वाजून वीस मिनिटांवर आलो. तिच्या वहीत ती ओळ होती. तिच्यावर एक सरळ रेघ होती.

"हे का खोडलं?" मी विचारलं.

"चुकून लिहिलं होतं."

मी म्हटलं की तुम्ही ऐकलंत, मी तुमची पेन्सिल चालताना पाहिली.

"शेजारणीची पेन्सिल पाहायची नसते, वही पाहायची असते. पुढे चला."

पुढे जाणं म्हणजे ती ओळ माझ्याही वहीतून गेल्यासारखीच. मी पान धरून बसले. मग जे बोलायला नको ते बोलून गेले. माझा भाऊ पलीकडे आहे, मी त्याला आईसारखं वाढवलं, असं सगळं. तिनं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आणि पुलावर कोण उभं राहणार, बाई? ती पलटण आमच्या शहराची. एकट्या आमच्या गल्लीतली नऊ पोरं आहेत तिच्यात. शिंग फुंकणारा तर माझ्याच डोक्यावर राहतो, वरच्या मजल्यावर. दोन वर्षं त्यानं अख्ख्या गल्लीची दुपारची झोप नासली तेव्हा कुठे त्याला तीन सूर धड लागले. तुमच्या एका भावासाठी मी त्याला तिथे उभा करू?"

"एक भाऊ नाही. दोन पलटणी आहेत."

"तुम्ही एकाचंच सांगितलंत."

ती शिंकली, आणि पान उलटता उलटता म्हणाली की माझ्यावर डोळे वटारण्यापेक्षा जाऊन आपल्या साहेबांना विचारा, त्या काट्यावर उभं राहून कुणी कुणाला काय तोलून दिलं.

मी गेले. घड्याळजी कार्यालयातल्या पूर्वीच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसले होते, पाय दुसऱ्या खुर्चीवर. चेहऱ्यावर समाधान होतं. नेतृत्व मिळालं होतं, उद्या सही झाली की दोन देशांची फौज त्यांच्या शब्दावर हलणार होती. मी सांगितलं की तीन वीसची ओळ त्यांच्या टिपणीसबाईंनी खोडली आहे, आपण हरकत घेतली पाहिजे. त्यांनी घड्याळ काढलं.

"दोन्ही वह्यांत नाही, म्हणजे झालं नाही. रीत तुम्हाला मी शिकवायची का?"

मी म्हटलं, साहेब, मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय.

"ऐकणं हे तुमचं काम आहे," ते म्हणाले. "लक्षात ठेवणं नाही."

भावाचं मी तरीही बोलले. ते रागावले नाहीत, उलट मऊ झाले, आणि तेच मला जास्त लागलं. कुणाचा ना कुणाचा भाऊ तिकडे आहेच, त्यांनी मला समजावलं. हल्ला आपल्या हातात आला तर पुढे हजारो वाचतील. दोन पलटणी ही त्यामानानं... आणि त्यांनी हात असा हलवला, जणू टेबलावरचा चुरा झाडत होते. मग म्हणाले, आता जा, उद्या स्पष्ट वाचा, तुमचा आवाज फार बारीक येतो.

तर हे असं होतं. तीन दिवस जे दोघं एका दारातून यायला तयार नव्हते, ते नेतृत्व आमच्याकडे आणि पुलाचा शब्द मागे, या एका सौद्यावर मात्र काट्यावर उभ्या उभ्या एक झाले होते. मित्रांचं पटलं होतं, आणि पटलं होतं ते माझ्या भावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी प्रार्थनेला बसले. भावाचं नाव घेतलं की पाठोपाठ ती नऊ पोरं येऊन उभी राहत, ज्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांत पुढे तो शिंगवाला. एकासाठी मागावं तर दुसऱ्याच्या जिवावर उठल्यासारखं होई. काही न मागावं तर भाऊ नदीपलीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी प्रार्थना अर्ध्यात सोडून उठले. आणि उठताना एवढंच समजलं, की कोण वाचावं हे ठरवणं माझ्या हातात नाही, पण जे ऐकलं ते ऐकलं असं म्हणणं मात्र आहे.

दहा वाजता खोली भरली. दोन्ही दारांतून दोन्ही बाजू आल्या. आधी तिनं माझी वही वाचली, खणखणीत आवाजात, आणि घड्याळजींचा टेकडीचा टोमणा असा काही सावकाश वाचला की मित्रांच्या बाजूच्या खुर्च्या करकरल्या. मग तीन वीसची ओळ आली तेव्हा ती थांबली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "ही ओळ दुसऱ्या वहीत नाही. वगळली." आमच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मग तिची वही माझ्या हातात आली. सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मी वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. टोमणा तिनं जसाच्या तसा लिहिला होता. तीन वीस आले. मी म्हणाले, "इथे एक ओळ खोडलेली आहे. ती अशी."

आणि मी ती वाचली. लंगडत आला तरी, इथपर्यंत.

मग टाचवाले उठले, बूट दोनदा वाजले. खोडलेलं वाचायची रीत नाही, असं ते म्हणाले, आणि ही बाई कुणाच्या सांगण्यावरून बोलते ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. घड्याळजींनी तितक्याच घाईनं सांगितलं की ही बाई स्वतःच्या मनानं बोलली, तिचा भाऊ तिकडे आहे, तिला कामावरून काढलेलं समजावं, हे लिहू नये. दोघं पुन्हा एका बाजूला होते. आमच्याच एका अधिकाऱ्यानं माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि मला 'घरभेदी' म्हटलं, हळूच, पण ऐकू जाईल असं.

त्या गोंधळात एक आवाज चालू होता, तो पेन्सिलीचा. पलीकडची टिपणीस माझी वही पुढ्यात ओढून मी मोठ्यानं वाचलेली ओळ पुढच्या कोऱ्या पानावर लिहीत होती. तिची स्वतःची वही त्या अधिकाऱ्याच्या हातात होती. लिहून झाल्यावर तिनं उठून ती त्याच्याकडून घेतली, जागेवर आली आणि तिच्यातही तेच लिहायला लागली.

"काय लिहिताय?" टाचवाल्यांनी विचारलं.

"सभेत बोललं गेलं ते."

"खोडा."

"खोडते की, साहेब," ती म्हणाली. "पण खोडलेलं वाचलं जातं, हे आत्ताच पाहिलंत."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तेव्हा भिंतीपाशी बसलेला तो म्हातारा पलटणप्रमुख उठला. टोपी त्याच्या हातात होती. काल दुपारी आपण इथून निघालो ते थेट पुलावर गेलो, त्यानं सांगितलं. सेनापतींनी दिलेला शब्द पोरांना सांगितला. टेकडीपासून त्यांना कुणी काही चांगलं म्हटलं नव्हतं, ऐकून त्यांना आनंद झाला.

"आता मागे जाऊन त्यांना काय सांगू?" तो म्हणाला. "ते वहीत नव्हतं म्हणून?"

टाचवाले अजून उभेच होते. आपल्याच माणसांच्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि त्या नजरांसमोर ते खरोखरच उंचीनं बेताचे दिसत होते. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले की पुलाची ओळ राहील. पण मग नेतृत्वाची ओळ राहणार नाही. घड्याळजींनी टेबलावर मूठ आपटली. घड्याळ उडून खाली पडलं. मग जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं, आणि त्यातलं माझ्या वहीत काही नाही, कारण मला हातगाडीच्या दारातून बाहेर काढण्यात आलं होतं. जाताना मी पलीकडचीकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या पाचांपैकी एका पेन्सिलीचं टोक मोडलं होतं आणि ती ते चाकूनं परत काढत होती.

पूल त्यांनी दीड दिवस धरला. आमच्या दोन्ही पलटणी आल्या, शेवटचे काही जण खरोखर लंगडत. पुढच्या महिन्यातला हल्ला झालाच नाही. नेतृत्वाचं न ठरल्यानं दोन्ही फौजा आपापल्या वाटांनी लढत राहिल्या. आमच्याकडे त्याचं खापर माझ्यावर फुटलं. फितूर ठरवायला पुरावा नव्हता म्हणून मला टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत याद्या लिहायला बसवलं, आणि सभेतलं बाहेर एक अक्षर बोलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

भाऊ आठ दिवसांच्या रजेवर आला. जेवताना म्हणाला, "मित्रांच्या पलटणीनं वाचवलं, ताई. आपल्या लोकांनी आम्हाला सोडूनच दिलं होतं म्हणतात."

मी विचारलं, कोण म्हणतं.

"सगळेच म्हणतात." आणि मग त्यानं शिंगवाल्याचं सांगितलं. मी ताट पुढे सारलं आणि त्याला अजून वाढलं. शपथ नसती तरी त्याला काय सांगणार होते.

त्यानंतर महिन्याभरानं पलीकडची माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पुलावरच्या मेलेल्यांच्या याद्या ताडायच्या होत्या. आमच्या शेवटच्या तुकड्यांनी त्यांची माणसं पडताना पाहिली होती, म्हणून एक यादी आमच्याकडून, एक त्यांच्याकडून. रीत तीच. दोन्ही वह्यांत असेल तो मेला. एकाच वहीत असेल तो बेपत्ता. दोन्ही सरकारांना दुसरी रीत सुचलेली नव्हती.

तिनं नमस्कार केला नाही, मीही खुर्ची दिली नाही; तिनं ती स्वतःच ओढून घेतली. नावं नव्हती, नुसते क्रमांक. ती वाचायची, माझ्याकडे असला की मी मान हलवायची. बऱ्याच वेळानं तिचा आवाज बदलला तेव्हा मला कळलं की गल्लीतली पोरं आली. एक, मान. दोन, मान. सातांना मी मान हलवली. आठवा इस्पितळात आहे, तिनं सांगितलं, पाय नाही, पण आहे. मग तिनं नवव्याचा क्रमांक वाचला. मी माझी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. तो नव्हता.

"नाही?"

"नाही."

"मग बेपत्ता." तिनं पेन्सिल खाली ठेवली. त्याची आई दुपारी खिडकीत बसते, ती म्हणाली, गल्लीत आता कुणाची झोप मोडत नाही तरी कुणी झोपत नाही. बेपत्ता तर बेपत्ता. राहू दे.

माझ्या हातावर शाई सांडली होती, ती पुसत बसले.

"तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेव्हा तर भर सभेत वाचलंत. आता गप्प का?"

मग मी सांगितलं. भाऊ शेवटच्या तुकडीत होता. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत शिंग वाजत होतं, चला, चला, असं. मग थांबलं. त्यानं मागे वळून पाहिलं. शिंगवाला कठड्याला टेकून बसला होता, शिंग मांडीवर, आणि भावानं जवळ जाऊन त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला होता.

तिनं सगळं ऐकलं. "सूर बरोबर लागत होते का?" तिनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. त्या बाईसाठी, तिच्या वर राहणाऱ्या त्याच्या आईसाठी.

"ते त्यानं सांगितलं नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत दया नव्हती, आणि माफी तर नव्हतीच. पण पहिल्या दिवसाची टवाळीही नव्हती. "मग जेवढं सांगितलं तेवढंच लिहा," ती म्हणाली. "आणि अक्षर मोठं काढा."

मी माझ्या वहीत तो क्रमांक लिहिला. तिच्या वहीत तो आधीच होता.